बिनकुलपाची किल्ली

आपल्या हैदराबाद शहराने थोर पाहुण्यांना शहराची किल्ली अर्पण करण्याची प्रथा सुरू करावी, अशी सूचना अलीकडे विद्यार्थ्यांच्या गप्पांतून दोन-तीनदा माझ्या कानी आली. चारमिनारच्या आकाराची मूठ, बिदरी कामाची दांडी, मखमलीची पेटी असा तपशीलही कोणी तरी ठरवून ठेवला होता. अमेरिकेतले महापौर देतात, युरोपातले देतात, मग चारशे वर्षांच्या आपल्या शहरानेच काय घोडे मारले आहे, असा एकंदर सूर होता. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि बिदरी कारागिरांना चार कामे मिळाली तर मला आनंदच होईल. तरीही या सूचनेला माझा विरोध आहे. तो का, हे या अंकाच्या निमित्ताने जरा सविस्तर सांगावे म्हणतो.

आधी शब्दांकडे पाहू. आपल्या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी नांदतात, म्हणून हा मोह आवरत नाही. मराठीत आपण किल्ली म्हणतो. चावी हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि घरचा झाला. कन्नडात किल्लीला ‘बीगद कै’ म्हणतात, म्हणजे कुलपाचा हात. तेलुगूत ती ‘ताळम् चेवि’, म्हणजे कुलपाचा कान. एकाने कुलपाला हात दिला, दुसऱ्याने कान. शिवाय कन्नडात व्याह्यांना ‘बीगरु’ म्हणतात. कुलूप आणि सोयरीक यांचा व्युत्पत्तीने काही संबंध आहे की नाही ते भाषेच्या प्राध्यापकांनी ठरवावे. परंतु लग्नघरात किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे, यावर कोणाचे किती चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा संबंध समजावून सांगायला नको. आपल्या घरांत किल्ली ही अधिकाराची वस्तू आहे. पाहुण्याला आपण पाट देतो, पाणी देतो, आग्रह करकरून वाढतो. किल्ल्या देत नाही. किल्ल्या सुनेला मिळतात, आणि त्याही बऱ्याच वर्षांनी.

युरोपातही ही वस्तू मुळात मानाची नव्हती. मध्ययुगीन शहरांना तट असे, वेशी असत, त्या रात्री बंद होत. बाहेरच्या माणसाला जकात दिल्याशिवाय माल विकता येत नसे. ज्याला ‘शहराचे स्वातंत्र्य’ दिले जाई, त्याला गावात धंदा करण्याचा हक्क मिळे. तो रोकडा व्यवहार होता. किल्ली मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रसंगी हातात पडे. कॅले शहर १३४७ मध्ये इंग्लंडच्या राजापुढे शरण गेले, तेव्हा गळ्यात दोर अडकवून किल्ल्या घेऊन निघालेले नागरिक रोदँ या शिल्पकाराने घडविले आहेत. १६२५ साली ब्रेडा पडले. त्या शहराची किल्ली जेत्याच्या हाती देणारा पराभूत सेनापती वेलास्केझच्या चित्रात पाहायला मिळतो. पुढे तट पाडले गेले, तोफांपुढे वेशींना अर्थ राहिला नाही, आणि पराभवाची ही खूण हळूहळू सत्काराची वस्तू झाली. लंडन शहराने १९५६ मध्ये पंडित नेहरूंना आपले ‘स्वातंत्र्य’ बहाल केले. ज्या साम्राज्याने त्यांना एकूण सुमारे नऊ वर्षे कुलपाआड ठेवले, त्याच्याच राजधानीने हा मान द्यावा, यातली गंमत पंडितजींच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही.

आपल्याकडे वेशी आणि दरवाजे काही कमी नव्हते. पण दाराबद्दलची आपली सर्वांत लाडकी गोष्ट हिरकणीची आहे, आणि तीत दार उघडतच नाही. रायगडावर दूध घालायला आलेली ती गवळण संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यामुळे वरच अडकते, घरी तान्हे मूल असते, पहारेकरी ऐकत नाहीत, आणि ती कडा उतरून जाते. महाराजांनी तिचा सन्मान केला, कड्यावर बुरूज बांधला, असे आख्यायिका सांगते. हा सन्मान पाहुण्याचा नाही. रोज गडावर येणाऱ्या, गडाला दूध पुरविणाऱ्या बाईचा आहे.

किल्ली देण्याची हौस आज सर्वांत जास्त आहे ती अमेरिकेत. तिथल्या फार थोड्या शहरांना कधी काळी तट होता. न्यूयॉर्कला एक लाकडी कोट होता; तो गेला आणि वॉल स्ट्रीट हे नाव मागे राहिले. जिथे दरवाजेच नव्हते तिथे किल्ल्यांची खैरात झाली, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. खटाटोप काही नाही, खर्च बेताचा, छायाचित्र उत्तम येते. परंतु खैरातीत हिशोब राहत नाही. इराकचे सद्दाम हुसेन यांनी डेट्रॉइटमधील एका कॅल्डियन चर्चला मोठी देणगी दिली होती. १९८० साली डेट्रॉइट शहराची किल्ली त्यांना बगदादला पोचती झाली. पुढे त्याच देशाच्या फौजा बगदादमध्ये शिरल्या, तेव्हा त्या किल्लीची कोणाला आठवण झाली असेल का? न्यूयॉर्कने २०२३ मध्ये शॉन कोम्ब्स या गायक-निर्मात्याला किल्ली दिली आणि त्याने एका स्त्रीला केलेली मारहाण चित्रफितीत साऱ्या जगाने पाहिल्यावर २०२४ मध्ये महापौरांनी ती परत मागितली. किल्ली परत आली. कुलूप मात्र बदलावे लागले नाही, कारण ते नव्हतेच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की हा सारा खेळ आहे आणि खेळाला इतके गंभीरपणे घेण्याचे कारण नाही. मीही तसेच म्हणत होतो. पण एका किल्लीची हकीकत मला तसे म्हणू देत नाही, आणि ती किल्ली एका मराठी बाईच्या हातात पडली होती.

१९८० साली दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाची राजधानी जॉर्जटाऊन हिने लता मंगेशकर यांना शहराची किल्ली अर्पण केली. त्याच वर्षी शेजारच्या सुरिनामने त्यांना मानद नागरिकत्व दिले. लताबाईंच्या पुरस्कारांच्या लांबलचक यादीत ही ओळ कुठे तरी मधेच येते आणि आपली नजर भारतरत्नाकडे सरकते. तिथे जरा थांबावे. गयानात ब्रिटिशांचे उसाचे मळे होते. गुलामगिरी संपली तशी मळेवाल्यांना मजूर हवे झाले आणि १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ व ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजे हिंदुस्थानी मजुरांना घेऊन तिथे लागली. १९१७ पर्यंत असे सुमारे २,३९,००० लोक त्या एका वसाहतीत गेले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे. करारावर अंगठा उमटविला की पाच वर्षे मळ्याशी बांधून घेतलेले. मळा सोडून बाहेर जायचे तर मालकाचा परवाना लागे. परवान्याविना वाटेत सापडला तर दंड किंवा तुरुंग. पूर्वी गुलाम राहत त्याच लांबलचक चाळींत हे लोक राहिले. शहर त्यांच्यासाठी नव्हते. पुढे पिढ्यान्‌पिढ्या हिंदी वंशाचे लोक मळ्यांच्या आसपासच्या खेड्यांतच वाढले आणि जॉर्जटाऊन हे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांचे शहर राहिले.

या लोकांची भाषा हळूहळू सुटली. घरात इंग्रजीची तिकडची बोली आली. टिकली ती भजने, लग्नातली गाणी आणि नंतर बोलपटांतून व ध्वनिमुद्रिकांतून पोचलेला लताबाईंचा आवाज. शब्द पूर्ण कळत नसतानाही जो आवाज आपला वाटतो, त्याला काय म्हणावे ते मला सुचत नाही. तो आवाज काढणारी बाई प्रत्यक्ष समोर आली आणि ज्या शहराच्या वेशीवर आपल्या आज्या-पणज्यांना परवाना दाखवावा लागे, त्या शहराने तिच्या हातात किल्ली ठेवली. प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मजुराच्या नातीला काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. ही किल्ली लताबाईंची होतीच, पण तिच्यात त्या नातीचाही वाटा होता. सगळ्या जगातल्या मानाच्या किल्ल्यांत मला खरी वाटलेली ही एकच.

एवढ्यावर थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु १९८० हे वर्ष जॉर्जटाऊनच्या इतिहासात दुसऱ्याच एका गोष्टीसाठी लक्षात ठेवले जाते. वॉल्टर रॉडनी हा त्याच शहरात जन्मलेला, जगभर नाव झालेला इतिहासकार. आफ्रिकेला युरोपने कसे मागे ठेवले यावरचा त्याचा ग्रंथ आजही विद्यापीठांतून वाचला जातो. गयानातल्या काळ्या आणि हिंदी मजुरांचा एकत्रित इतिहास लिहिण्याचे कामही त्याने हाती घेतले होते. १९७४ मध्ये गयाना विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापकपदी त्याची निवड झाली आणि ती वरून रद्द करविण्यात आली. कारण उघड होते. तो फोर्ब्स बर्नहॅम यांच्या राजवटीविरुद्ध बोलत होता आणि त्याहून वाईट म्हणजे काळे आणि हिंदी अशा दोघांनाही एकत्र आणत होता. तरीही तो गाव सोडून गेला नाही. १३ जून १९८० रोजी जॉर्जटाऊनमध्ये मोटारीत झालेल्या बॉम्बस्फोटात तो मारला गेला. वय ३८. चौकशी आयोगाचा अहवाल यायला २०१६ उजाडले. या हत्येत त्या वेळच्या सत्तेचा हात होता, असा त्याचा निष्कर्ष होता.

लताबाईंचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही, हे मी मुद्दाम लिहितो. कलावंत बोलावल्या गावी जातो, गातो, दिलेला मान नम्रपणे घेतो. त्याने आणखी काय करावे? माझा प्रश्न देणाऱ्याला आहे. एकाच वर्षी एका शहराने समुद्रापलीकडच्या गायिकेला किल्ली दिली आणि आपल्याच गावच्या प्राध्यापकाला वर्गाचे दारसुद्धा उघडले नाही. हातात किल्ली असणे आणि शहराचे दार उघडे असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, याचा याहून कडू पुरावा मला माहीत नाही.

आता आपल्या शहराकडे वळतो. पाहुण्याच्या स्वागताचा हैदराबादचा सर्वांत मोठा प्रसंग कोणता, असे कोणी विचारले तर मी १६७७ सालाचे नाव घेईन. त्या वर्षाच्या आरंभी शिवछत्रपती कर्नाटकाच्या मोहिमेवर जाताना भागानगरास आले. अबुल हसन कुतुबशहा, ज्याला आपण तानाशाह म्हणून ओळखतो, तो गादीवर होता आणि मादण्णा व आकण्णा हे बंधू कारभार पाहत होते. कृष्णाजी अनंत सभासदाने वीस वर्षांनी, १६९७ मध्ये, जिंजीस बसून जी बखर लिहिली तीत या स्वागताचे वर्णन आहे. रस्त्यांवर कुंकवा-केशराचे सडे घातले होते, गुढ्या आणि तोरणे उभारली होती, बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या आणि सोन्यारुप्याची फुले उधळली जात होती. पादशहा स्वतः सामोरा यायला निघाला. तेव्हा महाराजांनी निरोप पाठविला, की आपण वडील भाऊ, मी धाकटा, आपण पुढे येऊ नये. सैन्याला सक्त ताकीद होती, की रयतेच्या काडीलाही हात लावायचा नाही. एवढी मोठी फौज शहरात आली आणि दुकाने उघडी राहिली. मला त्या कुंकवाच्या सड्यापेक्षा उघड्या दुकानांचे अधिक कौतुक वाटते.

या सोहळ्यात किल्ली नव्हती. असती तरी ती लावायची कुठे? भागानगराला त्या काळी तटच नव्हता. आज ज्याचे अवशेष आपण पाहतो तो शहराचा तट पुढे मुघल सुभेदार मुबारिझखान याने आरंभिला आणि पहिल्या निजामाच्या काळात पुरा झाला. डझनभराहून अधिक दरवाज्यांपैकी दबीरपुऱ्याचा आणि पुराना पुलाचा, असे दोनच आता उभे आहेत. म्हणजे शहराने सर्वांत थोर पाहुण्याचे स्वागत केले तेव्हा त्याला दरवाजे नव्हते, आणि दरवाजे झाले तेव्हा तसा पाहुणा आला नाही. अर्थात हे स्वागत निव्वळ प्रेमापोटी होते, असे समजण्याचा भाबडेपणा इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये. त्यामागे मुघलांविरुद्धचा तह होता. यदुनाथ सरकारांच्या मते मोहिमेसाठी रोज तीन हजार होन देण्याचे कुतुबशहाने कबूल केले होते, आणि जिंकलेल्या मुलखात त्याला वाटा मिळायचा होता. जिंजी पडली, वाटा काही मिळाला नाही. सत्कार फुकट होत नसतात आणि ते वसूलही होतातच असे नाही.

पण खरी किल्लीची गोष्ट दहाच वर्षांनी घडली. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. आठ महिने तोफा चालल्या, सुरुंग लावले, पावसाने आणि रोगराईने मुघल छावणीचेच हाल झाले, किल्ला हलेना. शेवटी सप्टेंबरात एका रात्री आतल्याच अब्दुल्लाखान पन्नी नावाच्या सरदाराने लाच खाऊन दरवाजा उघडला. अब्दुर्रज्जाक लारी एकटा घोड्यावर बसून दरवाज्याकडे धावला आणि जखमांनी चाळण होईपर्यंत लढला. आणि तानाशाह? खाफीखान लिहितो, की न बोलावता आलेल्या या पाहुण्यांशीही तो शांतपणे बोलला आणि वेळ झाली म्हणून त्याने जेवण मागविले. नंतर दौलताबादच्या किल्ल्यात त्याने उरलेले आयुष्य कैदेत काढले. ज्या राजाने दहा वर्षांपूर्वी भागानगरचे रस्ते सजविले, त्याच्याच गोवळकोंड्याचे दार असे आतून उघडले गेले. शहर कोणाला किल्ली देते यापेक्षा किल्ली शहरातल्या कोणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचे असते, असे मी म्हणतो ते या आधारावर.

पुढच्या काळातही इथल्या लोकांच्या हातात ती नव्हतीच. निजामाच्या दरबारात तर रीत उलटी होती. मान मिळविणाऱ्यानेच सोन्याच्या नाण्याची नजर करायची. आणि सभाबंदीच्या त्या गाजलेल्या ‘गश्ती निशाण ५३’ने तर परवानगीवाचून सभा घेण्याचीही सोय ठेवली नाही. हैदराबाद संस्थानच्या प्रजेची राजकीय परिषद १९२३ मध्ये भरली ती काकिनाड्याला, मग १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला. घरच्या माणसांनी घरच्या अडचणी बोलण्यासाठी शेजाऱ्याच्या ओसरीवर जमावे, तसा हा प्रकार. आपल्या जामबागेच्या शेजारचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत ब्रिटिश रेसिडेंटाच्या अमलाखाली होता. चार पावले इकडे एक कायदा, चार पावले तिकडे दुसरा. या मोहल्ल्यांत शाळा, ग्रंथालये, मेळे यांच्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या, त्यांना शहराची किल्ली म्हणजे काय हे आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

तो काळ गेला, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. २०१७ च्या नोव्हेंबरात हैदराबादला जागतिक उद्योजकांची परिषद भरली. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कन्या इव्हांका ट्रम्प आल्या. फलकनुमा राजवाड्यात मेजवानी झाली. रस्ते नवे झाले, भिंती रंगल्या, दुभाजकांवर झाडे लागली. त्याला माझी तक्रार नाही. पाहुणा यायचा म्हणजे घर झाडायचेच. परंतु ८ नोव्हेंबरपासून दोन महिने शहरात भीक मागण्यास पोलिसांनी बंदी केली आणि भिकाऱ्यांना उचलून चंचलगुडा व चर्लपल्ली येथील तुरुंगांच्या आवारातल्या निवाऱ्यांत नेऊन ठेवले. तिथे त्यांना अन्न, औषध, अंथरूण मिळाले असेल. कदाचित पदपथापेक्षा चांगलेच मिळाले असेल. मुद्दा तो नाही. पाहुण्याला शहर दाखविण्यासाठी आपण शहरातलीच माणसे दाराआड लपविली. फरशी पुसताना घरातल्या म्हाताऱ्याला माळ्यावर बसविण्यासारखे हे झाले. समजा, त्या मेजवानीत बिदरी कामाची एक सुंदर किल्ली अर्पण केली असती, तर ती नेमकी कोणत्या कुलपाची ठरली असती?

म्हणून माझे मत असे, की किल्लीची ही प्रथा आपण उसनी आणू नये. आपल्याकडे तिच्याहून जुनी आणि तिच्याहून बोलकी एक रीत आहे. ती म्हणजे मानपत्र.

मानपत्र म्हटले की विद्यार्थी हसतात, ते मला ठाऊक आहे. हसण्याजोगे त्याचे आपण केलेही आहे. ‘आपल्या पदस्पर्शाने ही भूमी पावन झाली’ अशा वाक्यांचा एक साचा तयार असतो. नाव तेवढे बदलायचे. एका संस्थेच्या समारंभात मी स्वतः पाहिले, की वाचणाऱ्याने गेल्या वर्षीच्या पाहुण्यांचे नाव वाचले आणि व्यासपीठावर कोणाच्याही ते लक्षात आले नाही. मुले तोवर दीड तास उन्हात बसली होती. त्यांच्या मात्र लक्षात आले. पण मानपत्र मुळात असे नव्हते. इंग्रजी अमदानीत गव्हर्नर गावाला आला म्हणजे नगरपालिका त्याला मानपत्र देई. पहिले दोन परिच्छेद स्तुतीचे आणि मग हळूच कामाची गोष्ट: पिण्याचे पाणी पुरत नाही, गटारे नाहीत, आगगाडीचा फाटा इथवर आणावा, शाळेला अनुदान द्यावे. साहेबाला ते उभ्याने ऐकून घ्यावे लागे आणि उत्तरही द्यावे लागे. ते उत्तर गुळमुळीत असे, पण चारचौघांत दिलेले असे. पारतंत्र्यातल्या गावांना सत्तेच्या तोंडावर, शिष्टाचार न मोडता, बोलण्याची जी थोडीफार जागा होती ती मानपत्रात होती. किल्ली देणाऱ्या महापौराला असे काहीच बोलावे लागत नाही. किल्ली मुकी असते आणि घेणाराही आभार मानून मोकळा होतो.

गांधीजींनी तर या मानपत्रांचे सोनेच केले. गावोगावच्या नगरपालिका त्यांना चांदीच्या करंड्यांतून मानपत्रे देत. गांधीजी त्या करंड्याचा तिथल्या तिथे, भर सभेत लिलाव करीत आणि आलेले पैसे हरिजन निधीत जमा करीत. ज्या गावाने करंडा दिला त्याच गावातले लोक तो पुन्हा विकत घेत. मानाची वस्तू गावातच राही आणि पैसा ज्यांच्यासाठी गावची विहीर बंद होती त्यांच्याकडे जाई. सत्काराचा याहून नेटका उपयोग मी तरी ऐकलेला नाही.

महानगरपालिकेला सूचना करण्याइतका मी मोठा नाही. पण आपल्या महाविद्यालयापुरते काही सुचवायला हरकत नसावी. स्नेहसंमेलनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी शाल, श्रीफळ आणि हार असतातच. ते राहू द्यावेत. जामबागेतला घाऊक फुलांचा बाजार बराचसा गुडीमलकापूरला गेला असला, तरी हारापुरती फुले अजून इथे मिळतात. त्याच्या जोडीला एक मानपत्र असावे, आणि ते विद्यार्थ्यांनी लिहावे. एक परिच्छेद पाहुण्यांविषयी, पण खरा. म्हणजे त्यांचे काम कोणी तरी आधी वाचलेले किंवा पाहिलेले असावे लागेल. उरलेले आपल्याविषयी. ग्रंथालय किती वाजता बंद होते आणि का. कन्नड आणि मराठी विषयांच्या वर्गांत वर्षागणिक किती मुले उरली. बाहेरगावच्या मुलींना खोली शोधताना काय काय विचारले जाते. हे पाहुण्यांपुढे वाचावे आणि त्यांना उत्तर देण्याची विनंती करावी. प्राध्यापक मंडळींपैकी काहींना हे अप्रशस्त वाटेल. पाहुण्यांसमोर घरचे रडगाणे कशाला, असे ते म्हणतील. मला वाटते, घरचे बोलता येण्याइतका जो आपला वाटतो तोच पाहुणा बोलवावा; बाकीच्यांना निमंत्रण छापण्याचा खर्च वाचेल.

मसुदा दोन्ही विभागांनी मिळून करावा. मराठीचा मी पाहून देईन. कन्नडचा पाहण्याइतके मला कन्नड येत नाही, तो त्या विभागाच्या प्राध्यापकांकडे जावा. आणि दोहोंचा तेलुगू अनुवाद भित्तिपत्रकावर लावावा, कारण फाटकावर बसणाऱ्या आपल्या पहारेकऱ्याला तेवढेच वाचता येते, आणि संध्याकाळी सगळ्या खोल्यांची कुलपे तोच लावतो.